पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी: पाणी ओसरल्यापासून पुन्हा रस्त्यावर आणेपर्यंत काय काय करायचं

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन गाड्या होत्या, एक आमची सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आणि दुसरी शेजारच्या काकांची डिझेल. पाणी रात्रीत एवढ्या वेगाने चढलं की माणसं आणि म्हातारी मंडळी वर न्यायची की गाडी काढायची असा प्रश्नच नव्हता. दोन्ही गाड्या स्टेअरिंगपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर काकांनी सहज म्हणून चावी फिरवली, फक्त एकदाच, आतून खट् असा आवाज आला आणि इंजिन जाम झालं ते झालंच. आमच्या गाडीची चावी बाबांनी आधीच काढून खिशात ठेवली होती आणि कुणालाच दिली नाही. आमची गाडी नंतर चालू झाली, काकांचं इंजिन आख्खं बदलावं लागलं आणि त्याचे पैसे इन्शुरन्सने दिले नाहीत. पाणी दोघांनाही सारखंच लागलं होतं, फरक त्या एका चावीचा.

म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय. 2005 ला मुंबई, 2019 ला कोल्हापूर-सांगली, 2021 ला चिपळूण आणि महाड, 2024 ला पुण्यात सिंहगड रोडची एकतानगरी, दर एक-दोन वर्षांनी कुठेतरी हेच होतंय आणि दरवेळी लोकं त्याच त्याच चुका करतायत.

चावी नाही, धक्का नाही, रिमोटसुद्धा नाही

आधी चावी फिरवली की नक्की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे कुणी कितीही आग्रह केला तरी तुम्ही ठाम राहाल. इंजिनात पिस्टन वर येताना हवा दाबतो, हवा दाबली जाते म्हणून काम चालतं. पाणी बुडापासून वर चढलं की ते एअर फिल्टरमधून किंवा सायलेन्सरकडून उघड्या व्हॉल्व्हमधून सिलेंडरमध्ये जाऊन बसतं, आणि पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी कधी तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. धक्का मारून गिअरमध्ये चालू करायला गेलात तरी तेच होणार. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर तिथेही हाच नियम, दुसऱ्यांदा स्टार्टर मारायचा नाही, उतरायचं आणि ढकलत कोरड्या जागी न्यायची.

इग्निशन नुसतं ऑन करणंही वाईट, कारण ओल्या वायरिंगमध्ये करंट गेला की ईसीयू (म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जळतात. पुश बटनवाली गाडी असेल तर रिमोट घरात ठेवा, लहान मुलांच्या हाती तर अजिबात नको.

आम्ही स्टेअरिंगला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर मार्करने मोठ्ठं लिहिलं होतं, "पुरात बुडाली आहे, स्टार्ट करू नये". हे वाटतं तेवढं साधं नाही, कारण त्या आठवड्यात गाडीला टोइंगवाला, गॅरेजचा पोरगा, नुकसान बघायला आलेला इन्शुरन्सचा सर्व्हेअर, मदतीला आलेला चुलतभाऊ असे पाच-सहा जण हात लावतात आणि प्रत्येकाला वाटतं की एकदा बघूया का चालू होतेय.

गाडीजवळ जाण्याआधी

गमबूट आणि जाड हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नका. पुराच्या पाण्यात गटार, संडासाच्या टाक्या, मेलेली जनावरं सगळं मिसळलेलं असतं आणि पूर गेला की लेप्टोचे (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) पेशंट वाढतात. चिखलात काम केल्यावर पुढच्या महिनाभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पुरात काम केलंय हे आवर्जून सांगा.

दुसरं म्हणजे साप. कोकणात तर हमखास, पण बाकी ठिकाणीही पाण्यातून वाचण्यासाठी जनावर उंच आणि अंधारी जागा शोधतं, गाडीची सीट आणि बॉनेटची आतली बाजू त्यांना बरोब्बर सापडते. दार उघडून लांब उभे राहा, काठीने सीटखाली आणि डिक्कीत आवाज करा, मगच हात घाला.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर स्वतः काहीही करू नका. नारिंगी रंगाच्या जाड केबल म्हणजे हाय व्होल्टेज. बॅटरी आयपी 67 (पाणी-धूळ रोखण्याचं रेटिंग) असते म्हणून निर्धास्त राहतात काही जण, पण त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढाच आहे आणि पुरात गाडी दिवसभर बुडून असते. अशी बॅटरी काही दिवसांनी अचानक पेटू शकते, खाडीचं खारं पाणी लागलं असेल तर जास्तच. ती गाडी बिल्डिंगपासून आणि इतर गाड्यांपासून किमान 15 मीटर लांब, उघड्यावर ठेवा आणि कंपनीच्या ट्रेन्ड माणसालाच बोलवा.

धुण्याआधी फोटो

घरातला चिखल काढायची घाई असते, त्या भरात कुणीतरी गाडीवर पण पाइप मारतं आणि पुरावा धुवून जातो. आधी फोटो. चारही बाजूंनी नंबर प्लेटसकट, मग दाराच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ उमटलेली असते तिचा जवळून, डॅशबोर्ड, सीट, डिक्की, बॉनेट उघडून इंजिन, शक्य असेल तर भिंतीवरची पाण्याची खूण आणि गाडी एकाच फोटोत. एक सलग व्हिडिओ पण काढा आणि त्यात तारीख, वेळ, जागा तोंडाने बोला. चिपळूणला तेव्हा लाइटही नव्हती आणि नेटवर्कही नव्हतं, फोनच चार्ज नाहीत, त्यामुळे ज्याच्या फोनमध्ये चार्जिंग उरलंय त्याच्याकडून काढून घ्या.

पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे यावर पुढचं सगळं ठरतं. नुसतं फ्लोअर मॅटपर्यंत असेल तर काम बरंच सोपं, सीटच्या वर गेलं असेल तर वायरिंग आणि एअरबॅग मॉड्यूल गेलं असं धरा कारण ते मधल्या कन्सोलखालीच असतं, आणि डॅशबोर्डच्या वर गेलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की गाडी दुरुस्त करण्यापेक्षा टोटल लॉससाठीच (दुरुस्ती न करता इन्शुरन्सकडून गाडीची किंमत घेणं) प्रयत्न करा.

बॅटरी काढा

दहाचा पाना घ्या आणि आधी मायनसची काळी वायर काढा, मग प्लस. टर्मिनलला कापड गुंडाळून ठेवा. सेंट्रल लॉकवर भिस्त ठेवू नका, रिमोटमध्ये जी छोटी साधी चावी लपलेली असते तिने दार उघडा. बॅटरी काढल्यावर ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्कमधून हलत नाही, तेव्हा लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर दाबला की न्यूट्रल पडतो. आणि हँडब्रेक सोडून चाकाला दगड लावा, नाहीतर ओले ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात आणि नंतर चाक फिरत नाही.

इन्शुरन्स कंपनीला कळवणं

पॉलिसी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली असेल तर तिचा लगदा झालेला असणार, पण घाबरू नका, गाडीच्या नंबरवरून किंवा मोबाईलवरून कंपनीला सगळं मिळतं. नेटवर्क आलं की पहिला फोन इन्शुरन्सला, दुसरा नातेवाईकांना, असं म्हणणं बरं दिसत नाही पण त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर कागदावर लिहून घ्या. सोबत ईमेल पण करा. क्लेमसाठी साधारण एफआयआर लागत नाही, काही वेळा तलाठ्याच्या पंचनाम्याची कॉपी मागतात, ती मिळत असेल तर घेऊन ठेवा.

आता काय मिळतं ते. नुसती थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे ओन डॅमेजवाली असेल तर पूर त्यात येतो, पण इंजिनात पाणी असताना स्टार्ट केल्यामुळे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन लागतं, आणि त्यातही बुडाली हे माहीत असून स्टार्ट केली असं दिसलं की कटकट होते. काकांचं नेमकं इथेच अडकलं.

घसारा पण कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर 50 टक्के, काचेवर काही नाही, आणि बाकीच्या पार्टवर गाडीच्या वयानुसार, दुसऱ्या वर्षात 10 टक्के, चौथ्या वर्षात 25 आणि 5 ते 10 वर्षांच्या गाडीला 40 टक्के. झिरो डेप नावाचं ॲड-ऑन असेल तर हा घसारा बहुतेक वाचतो. आमच्याकडे नव्हता, त्यामुळे बिलाचा जवळपास निम्मा भाग खिशातून गेला. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये कंपल्सरी कापतातच, आणि एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शून्यावर येतो.

गाडी आणायचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस धरतात. आयडीव्ही 5 लाख असेल तर ही रेषा पावणेचार लाखांवर येते. इथे गॅरेजचं पहिलं एस्टिमेट फार महत्त्वाचं आहे, कारण काही गॅरेज आधी कमी आकडा देतात आणि काम उघडल्यावर एकेक मॉड्यूल वाढवत नेतात, मग सर्व्हेअर म्हणतो आता दुरुस्ती मंजूर झालीय, टोटल लॉस होणार नाही. एस्टिमेटमध्ये सगळं वायरिंग, सगळी मॉड्यूल, सीट बेल्ट, एअरबॅग, कार्पेट आधीच लिहून घ्या. गाडीवर लोन असेल तर टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे जातात आणि तोपर्यंत हप्ता चालूच राहतो, म्हणून बँकेलाही लगेच सांगा. आणि टोटल लॉस झाल्यावर आरसीचं काय होतंय ते पाठपुरावा करून बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, नाहीतर भंगारात दिलेली गाडी तुमच्या नावावर कुठेतरी फिरत राहते.

सर्व्हेअर येईपर्यंतचा वेळ

मोठ्या पुरात एका सर्व्हेअरकडे शेकडो गाड्या असतात, त्याला यायला आठ-पंधरा दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात आतून गंज चढतो. सर्व्हेच्या आधी गाडी उघडू नका असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे, पण नुकसान वाढू नये म्हणून मालकाने योग्य ती काळजी घ्यावी असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं, हे कुणी सांगत नाही. मग काय करायचं, तर कंपनीला ईमेल टाकायचा की मी पाणी आणि गाळ काढतोय, पार्ट बदलत नाहीये, व्हिडिओ सोबत जोडलाय, हरकत असल्यास कळवा. आम्ही असाच ईमेल टाकला, उत्तर आलंच नाही, पण नंतर सर्व्हेअरने काही विचारलं तेव्हा तोच ईमेल दाखवला आणि विषय संपला.

गाडी हलवायची तर फ्लॅटबेडवरूनच. चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढत नेऊ नका, ऑटोमॅटिक असेल तर मुळीच नाही.

इंजिन

हे काम मेकॅनिककडून करून घ्या, पण स्वतः उभे राहा आणि क्रम माहीत असू द्या. आधी डिपस्टिक काढून बघायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल किंवा लेव्हल वरच्या खुणेच्याही वर असेल तर आत पाणी गेलंय. एअर फिल्टरचं झाकण उघडा, फिल्टर ओला किंवा मातकट असेल तर सिलेंडरमध्येही गेलंय असंच समजा.

मग जुनं ऑइल पूर्ण सोडायचं. पेट्रोल गाडीचे सगळे स्पार्क प्लग काढायचे (डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर), आणि क्रँक पुलीला पाना लावून हाताने, अगदी सावकाश इंजिन फिरवायचं. आमच्या मेकॅनिकने पाना पाव फेरा फिरवला तेव्हा काहीच झालं नाही, अर्ध्या फेऱ्याला दुसऱ्या सिलेंडरच्या भोकातून पिचकारीसारखं गढूळ पाणी उडालं आणि थेट बॉनेटच्या आतल्या बाजूला लागलं, मग तिसऱ्यातून. ते बघताना पोटात गोळा आला, कारण एवढं पाणी आत होतं आणि दहा माणसांनी दहा वेळा सांगितलं होतं की मारून बघा स्टार्टर.

हाताने फिरवताना कुठे अडकत असेल तर जोर लावायचा नाही, इंजिन खोलावं लागेल. मोकळं फिरत असेल तर प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडायचं, पुन्हा हाताने फिरवायचं. एवढं पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं तरी इंजिन वाचायची शक्यता खूप वाढते, पुढचं काम मग सर्व्हे झाल्यावर निवांत करता येतं.

सर्व्हेनंतर नवीन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर. पेट्रोलची टाकी रिकामी करून साफ करायची. डिझेल असेल तर टाकी, पाइप, डिझेल फिल्टर सगळं, कारण कॉमन रेलच्या (आजच्या डिझेल गाड्यांची जास्त दाबाची इंधन यंत्रणा) पंपाला आणि इंजेक्टरला पाण्याचा थेंबही चालत नाही आणि ते पार्ट भयंकर महाग आहेत. पहिल्यांदा चालू झाल्यावर थोडा वेळ आयडलवर ठेवा, बंद करा, ते ऑइलही सोडून द्या. आमचं तीनदा ऑइल बदललं, तिसऱ्यांदा कुठे ते स्वच्छ आलं. ऑइलच्या पैशाकडे बघू नका.

गिअरबॉक्सला वर हवेसाठी छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत जातं, म्हणून गिअर ऑइल बदलायचंच. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं, ते पूर्ण बदला. चारही चाकं काढून ड्रम, कॅलिपर, बेअरिंग साफ करून घ्या. स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून धुवून वाळवायचे. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. सीएनजी असेल तर किट आणि सिलेंडर अधिकृत सेंटरला तपासल्याशिवाय गॅस भरू नका.

वायरिंग आणि एअरबॅग

खरा त्रास इंजिनाचा नाही, वायरिंगचा आहे. इंजिन एकदा चाललं की चाललं, पण कनेक्टरमध्ये राहिलेला गाळ तीन महिन्यांनी हिरवा गंज होऊन बाहेर येतो, मग कधी पॉवर विंडो बंद, कधी एबीएसचा लाइट, कधी रात्री आपोआप वायपर चालू. प्रत्येक कनेक्टर उघडून, साध्या स्वच्छ पाण्याने गाळ काढून, हवा मारून, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारायचा. कंटाळवाणं काम आहे, गॅरेजवाला टाळाटाळ करणार, तुम्ही टाळू देऊ नका. कनेक्टरवर प्रेशर वॉशर मारू देऊ नका, गाळ आणखी आत जातो.

पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना घरी हात लावायचा नाही. बुडालेलं एअरबॅग मॉड्यूल आणि पुढच्या सीट बेल्टचे टेन्शनर वाळवून वापरू नका, बदला. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाइट येत नाही म्हणजे ठीक आहे असं कुणी म्हणेल, पण एअरबॅग ऐनवेळी उघडेल की नाही हे लाइटवरून ठरत नाही, आणि उगाच घरच्यांच्या तोंडावर उघडली तर?

आतली सफाई

सीट काढा, बहुतेक गाड्यांना चौदाचे बोल्ट असतात (सीटखालचा पिवळा कनेक्टर मेकॅनिककडून काढून घ्या). कार्पेट उचला. त्याच्याखाली जाड फोम असतो, तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो, वरून कार्पेट कोरडं लागलं तरी खाली तळहात दाबला की पाणी वर येतं. शोरूमला नुसतं व्हॅक्यूम आणि परफ्युम मारून देतात, तसं घेऊ नका. फोम बदलता आला तर उत्तम. जुलैत कोकणात ऊन कुठून आणणार, आम्ही गॅरेजमध्ये दोन टेबल फॅन आणि एक हॅलोजन लावून पाच दिवस वाळवलं. फ्लोअरला खाली रबरी बूच असतात ती काढा म्हणजे पाणी निघून जातं, वाळल्यावर गंजविरोधी कोटिंग मारून परत बसवा. एसीचा केबिन फिल्टर बदला आणि ब्लोअर उघडून धुवा, वास बहुतेक वेळा तिथूनच येत असतो.

घरी आणल्यावर

पहिले महिनाभर लांबचा प्रवास नको, रात्री घाटात तर नकोच. पंधरा दिवसांनी डिपस्टिक पुन्हा बघा. तीन महिन्यांनी कनेक्टर, सहा महिन्यांनी व्हील बेअरिंगचा आवाज. बिलं सगळी एका फाइलमध्ये.

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक, कारण पुरातल्या गाड्या चकाचक होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. एमएच 08, 09 किंवा 10 (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) पासिंग आहे म्हणून घाबरायचं नाही आणि एमएच 12 (पुणे) आहे म्हणून विश्वासही ठेवायचा नाही. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीटखालच्या बोल्टवर गंज आहे का बघा, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात बोट फिरवा, मागच्या वर्षी एनसीबी शून्य का झाला ते विचारा. आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, सगळं धुतात पण बेल्ट पूर्ण बाहेर काढून कुणी धूत नाही. आमच्या गाडीचा मागचा डावा बेल्ट पूर्ण ओढला की शेवटच्या वीतभर भागावर लालसर मातीची रेघ दिसायची, दोन वर्षांनी गाडी विकली तेव्हा बाबांनी घेणाऱ्याला तो बेल्ट आधी ओढून दाखवला, बिलांची फाइल हातात दिली आणि मग किमतीचं बोलणं सुरू केलं.